पाचशे एकोणऐंशी किलो

मावशीने एकदा सही करायची नाही असं ठरवलं, की तिला पेनाचं टोपणही काढायला लावणं कुणाच्या बापाला जमत नसे. उड्डाणशाळेतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त इंजिन विकायला आलेल्या पाहुण्याला. त्याने टाइप केलेला कागद तिच्या पुढ्यात सरकवला आणि चहाचा कप उचलला. सही कुठे करायची तिथे त्याने आधीच पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. मावशीने कागद वाचला. उलटून कोरी पाठ पाहिली, जणू मुख्य मजकूर तिकडे राहून गेला असावा. मग तो जसा आला तसा परत सरकवला.

"हे बेरीज-वजाबाकीचं वजन आहे," ती म्हणाली. "विमान काट्यावर कधी चढलं?"

पाहुणा हसला. चढवायची गरजच नाही, असं त्याने समजावलं. जुन्या विमानाचं वजन कागदोपत्री होतंच, पाचशे पंचवीस किलो, आणि त्या कागदावर मावशीचीच सही होती. त्यातून जुनं पेट्रोल इंजिन वजा केलं, नवं डिझेल इंजिन मिळवलं, उत्तर आलं पाचशे छप्पन्न. कंपनी जगभर असंच करते, कुठे काही अडत नाही, वगैरे.

"जगभर करा," मावशी म्हणाली. "इथे मी आहे."

शाळेकडे चार विमानं होती. चारही लहान, दोन माणसांची. एका जागेवर शिकवणारा, शेजारी शिकणारा. विमानाचं पेट्रोल म्हणजे नाक्यावरच्या पंपावर मिळतं ते नव्हे. ते दूरच्या डेपोतून टँकरने यायचं, आणि गेली दोन वर्षं त्या टँकरचं येणं रुसलेल्या जावयासारखं झालं होतं. गेले पाच आठवडे तर टाक्या कोरड्याठाक होत्या. विद्यार्थी यायचे, उभ्या विमानात बसून बटणं दाबायचे आणि घरी जायचे. उलट हे नवं डिझेल इंजिन मोठ्या जेट विमानांच्या रॉकेलवर चालायचं, आणि ते तासाभराच्या अंतरावरच्या मोठ्या विमानतळावर हवं तेवढं मिळत होतं. म्हणून शाळेच्या मालकांनी, धाकट्या साहेबांनी, चारही विमानांसाठी डिझेल इंजिनं मागवली होती. पहिलं बसलं होतं. शनिवारी ते उडवून दाखवायचं, विद्यार्थ्यांच्या पालकांना बोलवायचं, असा बेत होता. अडलं होतं ते त्या एका कागदावर.

प्रत्येक विमानासोबत असा कागद असतो. विमान भरून सगळं मिळून सातशे साठ किलोच्या वर जाता कामा नये. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं, की उरतं ते माणसांचं आणि इंधनाचं. वैमानिक रोज सकाळी त्या आकड्यापासून गणित मांडतो. आकडाच खोटा असेल तर विमान धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडत नाही, आणि ते कळतं तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. त्या कागदावर सही करायचा परवाना अख्ख्या शाळेत एकट्या मावशीकडे होता.

वजनाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे, याला कारण होतं. तिच्या वडिलांचं भंगाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आणि शेडच्या मधोमध जमिनीत बसवलेला मोठा काटा. शाळा सुटली की ती तिथे बसायची. ओल्या पोत्यात रद्दी आणणारे, तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यात दगड सारणारे, वजन बघताना कुणाच्या नकळत चपलेचं टोक काट्यावर टेकवणारे, असे सगळे तिने दहा वर्षांची व्हायच्या आत पाहून ठेवले होते. वडील कुणाशी भांडायचे नाहीत. "जरा बाजूला उभे राहा," एवढंच म्हणायचे, आणि माणूस बाजूला झाला की काट्याचा आकडा खाली यायचा. पुढे ती यंत्रशाळेत गेली. वर्गात अडतीस मुलगे आणि ही एक. नाकं मुरडणाऱ्यांना तिने उत्तर दिलं नाही, पहिला नंबर मात्र दिला नाही कुणाला. विमानांच्या हँगरमध्ये लागली ती स्पार्क प्लग घासायला. तीन वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. नंतर परीक्षा दिल्या, परवाना मिळवला, आणि ज्यांनी तिला घासायला ब्रश दिला होता त्यांच्या कामावर सह्या करू लागली.

अंगाने ती चांगली भरभक्कम. एका खांद्यावर विमानाच्या पंख्याचं पातं घेऊन हँगर ओलांडायची. अशा बाईला शाळेतले सगळ्यात जुने शिक्षक, कप्तान, 'तोळामासा' म्हणून हाक मारायचे, कारण विमानातली हरवलेली पेन्सिलसुद्धा ती वजनातून वजा करायची. बाकी सगळे मावशी म्हणायचे. खरी मावशी ती एकाच मुलीची होती. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. मावशीने तिला उचलून घरी आणलं आणि वाढवलं. ती मुलगी आता त्याच शाळेत शिकाऊंना विमान चालवायला शिकवत होती. शिकवण्याचे बासष्ट तास आणखी झाले की तिला पुढचा परवाना मिळणार होता, आणि पाच आठवड्यांत एक तासही झाला नव्हता.

त्या दिवशी दोघी स्कूटरवरून घरी निघाल्या. चालवत होती मावशी. भाची मागे बसून हेल्मेटच्या फटीतून तिच्या कानात ओरडत होती. तुला डिझेल नकोच आहे, हे तिचं म्हणणं. कप्तानांसारखीच तूही पेट्रोलच्या वासावर जगतेस. डिझेलला एकच दांडा, पुढे ढकलला की झालं. पेट्रोलला हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा दांडा वेगळा, गरम हवेचा वेगळा, थंडीत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरायची धास्ती वेगळी. डिझेल तासाला पंधरा लिटर पितं, पेट्रोल तेवीस. हे सगळं तुला कळतं आणि तरी तू अडवून धरतेस.

मावशी सिग्नलला थांबली. मान वळवली.

"मी काय अडवलंय? काट्यावर चढवा म्हटलं."

"त्याला दोन दिवस जातील."

"जाऊ देत."

"मावशी, साहेब म्हणालेत, शुक्रवारपर्यंत तुझी सही नाही झाली तर हँगरच्या चाव्या घेतील. शहरातून दुसरा मेकॅनिक आणतील सहीला. तुला कळतंय का, ते तुला घरी बसवतील."

"कळतंय."

"मग?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. "मग काय," मावशी म्हणाली, "घट्ट धर."

दुसऱ्या दिवशी तिने विमान काट्यावर घ्यायची तयारी केली. तिची स्वतःची एक रीत होती आणि त्यात ती कुणाला सूट देत नसे. आधी टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या. मग विमानाचे खिसेकप्पे तपासले. सीटच्या मागच्या पिशवीत एक छत्री, दोन नकाशे आणि वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट मिळालं. ते सगळं बाहेर. मग तीन चाकांखाली तीन काटे. शेवटी ती हँगरचा सरकता दरवाजा लावून घ्यायची. तो दरवाजा म्हणजे रुळावरचा लोखंडी पहाड. ढकलायला दोन माणसं लागायची. पण दरवाजा लागल्याशिवाय ती काट्याकडे बघायची नाही. दरवाजा लागला, माणसं भिंतीला टेकली, विमान डुलायचं थांबलं, की ती तीन आकडे वाचायची आणि बेरीज करायची.

बेरीज आली पाचशे एकोणऐंशी.

पाहुण्याच्या कागदापेक्षा तेवीस किलो जास्त. कप्तानांना तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांचं सगळं आयुष्य पेट्रोल इंजिनांमागे गेलं होतं, आणि डिझेलच्या ठोक्याने पंखा खिळखिळा होतो, म्हणून त्याला गिअरबॉक्स लावावी लागते, ती पुन्हा ठरावीक तासांनी काढून तपासावी लागते, हे ते येईल त्याला ऐकवत होते. ते म्हणाले, बाई, आता लिहा, हे इंजिन शाळेच्या कामाचं नाही. एका ओळीत लिहा आणि विषय संपवा.

मावशीने त्यांनाही वाटाण्याच्या अक्षता लावल्या. "काट्याने वजन सांगितलंय, कप्तान. कामाचं आहे की नाही हे काट्याला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याला बोलावलं. तो आला तोच चिडून. तुमचे काटे जुने आहेत, असं म्हणाला, आणि स्वतःच्या गाडीतून नवेकोरे, आकडे चमकणारे काटे उतरवले. मावशीने आपले काटे बाजूला सरकवले. धाकटे साहेबही आले होते. त्यांचे वडील जाऊन आठ वर्षं झाली, साहेबांनी चाळिशी ओलांडली, तरी त्यांचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. ते वाईट नव्हते. शाळा बुडू नये म्हणून जिवाचं रान करत होते, आणि इंजिनं मागवताना फक्त एकाच गोष्टीचा विचार केला होता, ती म्हणजे टँकर. ते हाताची घडी घालून खांबाला टेकून उभे राहिले.

पाहुण्याने आपल्या हाताने काटे मांडले. उजेड हवा म्हणून दरवाजा उघडा ठेवला. आकडे आले: पाचशे एकाहत्तर. मग बहात्तर. मग सत्तर.

"बघा," पाहुणा साहेबांना म्हणाला. "आठ-नऊ किलो इथेच कमी झाले. उरलेल्याचंही उत्तर निघेल."

मावशीने भाचीला खूण केली. दोघींनी खांदे लावले आणि दरवाजा रुळावरून करकरत लावून घेतला. बाहेरून येणारी झुळूक तुटली. विमानाचे पंख पूर्ण निश्चल झाले. चमकणाऱ्या आकड्यांनी क्षणभर चुळबुळ केली आणि ते थांबले.

पाचशे एकोणऐंशी.

"पंख हा पंख असतो," मावशी म्हणाली. "उभ्या विमानालाही वारा मिळाला की तो थोडं उचलतो. तुमच्या कारखान्यात दरवाजा लावायची पद्धत नाही का?"

साहेबांनी पाहुण्याकडे पाहिलं. पाहुण्याने रुमाल काढला. पण तो नुसता दाखवायला ठेवलेला विक्रेता नव्हता. इंजिनात वाढलेला माणूस होता, आणि त्याने डोकं चालवलं. तो म्हणाला, ठीक आहे, पाचशे एकोणऐंशी मान्य. पण सुरुवात कुठून झाली? पाचशे पंचवीसपासून. तो आकडा कंपनीचा नाही, शाळेचा आहे. त्यावर सही कुणाची आहे? शेजारी तसंच पेट्रोलचं विमान उभं आहे, त्याचाही कागद तेवढ्याच वजनाचा. चढवा तेही.

भाचीने मावशीकडे पाहिलं. मावशीला त्याच क्षणी एक जुनं वर्ष आठवलं.

बारा वर्षांपूर्वी चारही विमानं रंगवायला बाहेर पाठवली होती. रंगाऱ्यांनी परत देताना कागद दिला: जुना रंग पूर्ण खरवडून नवा दिला आहे, वजनात फरक नाही. ती परत आली त्याच आठवड्यात शाळेत तपासणी होती, घरी भाचीला ताप होता, आणि मावशीने आयुष्यात एकदाच तो कागद वाचून त्यावर विश्वास ठेवला. दरवाजा लावला नाही. काटे काढले नाहीत. जुनाच आकडा पुढच्या पानावर उतरवला आणि सही केली. त्यानंतर दर वेळी बेरीज-वजाबाकी त्याच आकड्यावर चालत आली. भंगाराच्या दुकानात वाढलेली बाई ओल्या पोत्याला फसली होती.

ती नाही म्हणू शकली असती. आज डिझेलचा विषय आहे, पेट्रोलचा नाही, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. साहेबांना त्यातलं काही कळलं नसतं आणि कप्तानांनी तर दुजोराच दिला असता. त्यांनी दिलाही. ते पुढे होऊन म्हणाले, हा विषयांतर करतोय, बाई, याच्या नादी लागू नका.

"एकाला तोलायचं आणि दुसऱ्याला झाकायचं, हे मला जमणार नाही," मावशी म्हणाली. "आणा ते विमान."

पेट्रोलचं विमान काट्यावर आलं. दरवाजा लागलेलाच होता. पाचशे चौतीस. कागदावर पाचशे पंचवीस. मावशीने दाराच्या कडेला, बिजागरीखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे चाकूच्या पात्याने रंग खरवडला. नव्या निळ्याखाली जुना पांढरा जसाच्या तसा होता.

कप्तानांचा चेहरा पडला. त्यांचं मनातल्या मनात गणित चालू झालेलं स्पष्ट दिसत होतं. ते स्वतः अठ्ठ्याऐंशी किलोचे, ऐंशी किलोचा विद्यार्थी, वर काठोकाठ भरलेली टाकी.

"म्हणजे मी बारा वर्षं दहा-दहा किलो जास्त घेऊन उडतोय?" त्यांनी विचारलं.

"होय. माझ्या सहीने."

आता साहेब खांबापासून सुटले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट नेहमीपेक्षा खाली आला. त्यांनी विचारलं की बारा वर्षं ज्या बाईची सही चुकीची होती, तिच्या आजच्या सहीसाठी आम्ही शनिवार का मोडायचा. शहरातला माणूस उद्या सकाळी यायला तयार आहे. तो पाचशे छप्पन्नवर सही करेल. मावशीने चाव्या टेबलावर ठेवाव्यात आणि घरी जावं.

मावशीने खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. मग तिने पेन काढलं.

"तेव्हा मी कागदावर बघून सही केली होती," ती म्हणाली. "आज विमानावर बघून करतेय. दोन्ही सह्यांत एवढा फरक आहे, साहेब. तुम्हाला तो पुरत नसेल तर ते तुमचं."

आणि तिने उभ्या उभ्याच दोन पानं लिहिली. पहिल्यावर पेट्रोलच्या विमानाचं वजन: पाचशे चौतीस. आधीची नोंद चुकीची होती, चूक तिची होती, तारीख, सही. बाकीची दोन पेट्रोल विमानं काट्यावर चढेपर्यंत उडवू नयेत, हेही त्याखाली. दुसऱ्यावर डिझेलच्या विमानाचं: पाचशे एकोणऐंशी. सही. दोन्ही पानं तिने विमानांच्या वह्यांत लावली आणि वह्या मिटल्या. एकदा वहीत लागलेलं पान फाडता येत नाही, हे साहेबांनाही माहीत होतं. बदलायचं तर पुन्हा तोलावं लागतं, साक्षीने.

तेवढ्यावर ती गेली असती तर फक्त हट्टी ठरली असती. पण ती फळ्याकडे वळली. फळ्यावर कालच्या धड्यातले बाण होते, ते तिने बाहीने पुसले आणि मोठ्या अक्षरांत मांडायला सुरुवात केली. पाहुण्यावर अन्याय झाला होता, तो आधी दूर केला. डिझेलने विमान चोपन्न किलोंनी जड झालं नव्हतं; नऊ किलो रंगाचे होते, ते त्याच्या माथी मारायचे नाहीत. डिझेलचे खरे पंचेचाळीस. त्यातले एकतीस पाहुण्याने सांगितले होते. उरलेले चौदा त्याने सांगितले नव्हते, कारण त्याच्या यादीतलं इंजिन कोरडं होतं: रेडिएटरमधलं पाणी सहा किलो, इंजिन आणि गिअरबॉक्समधलं तेल चार, आणि वीज गेली तर इंजिन बंद पडू नये म्हणून ठेवलेली दुसरी बॅटरी चार. पाहुणा जवळ आला, यादी पुन्हा वाचली आणि मान हलवून हो म्हणाला.

मग दुसरी बाजू. डिझेल तासाला बारा किलो इंधन जाळतं, पेट्रोल साडेसोळा. म्हणजे दर तासाला साडेचार किलोंचा फायदा डिझेलचा. पंचेचाळीस किलोंची भरपाई व्हायला सलग दहा तास उडावं लागेल.

"शाळेचा धडा किती वेळाचा?" तिने विचारलं.

"एक तास," भाची म्हणाली.

"मग वजनात पेट्रोल जिंकलं. कप्तान, खूश होऊ नका. ते हलकं विमान पाच आठवडे टाकी रिकामी ठेवून जमिनीवर उभं आहे. उडत नाही ते हलकं काय आणि जड काय."

तिने पुढे लिहिलं. डिझेलच्या विमानात माणसं आणि इंधन मिळून एकशे एक्याऐंशी किलो बसतात. दोघं मिळून एकशे साठचे असतील तर सव्वीस लिटर इंधन, म्हणजे पावणेदोन तास. एका तासाच्या धड्याला राखीव धरूनही पुरेल. पण कप्तान आणि नव्वदीतला विद्यार्थी बसले तर टाकीत तांब्याभर इंधन उरेल. म्हणून हलक्या जोड्या डिझेलवर, जड जोड्या टँकर येईल तेव्हा पेट्रोलवर. चारही विमानं बदलली तर अर्धे विद्यार्थी जमिनीवर राहतील. एकही नाही बदललं तर सगळे राहतील. दोन बदला, दोन ठेवा. आणि उडण्याआधी प्रत्येकजण काट्यावर चढेल. विचारून लिहिलेलं वजन चालणार नाही.

खडू ठेवून तिने हात झटकले आणि हेल्मेट उचललं. चाव्या टेबलावरच होत्या. ती दरवाजापर्यंत गेली.

साहेबांनी भाचीला विचारलं की शनिवारी त्यांना शेजारी बसवून विमान तीच नेणार आहे ना, शहरातल्या माणसाच्या कागदावर. प्रश्न सोपा नव्हता. बासष्ट तास त्या 'हो'पलीकडे उभे होते, आणि दोन दिवसांपूर्वी स्कूटरवर तिनेच मावशीच्या कानाशी घसा कोरडा केला होता.

"नाही," भाची म्हणाली. "मी त्या पानावर नेईन. वहीतल्या."

"मावशीचं पान म्हणून?"

"नाही साहेब. माझ्यासमोर दरवाजा लागला म्हणून. आणि तुम्ही शेजारी बसणार, तर मला आदल्या रात्री झोप लागायला हवी."

कप्तानांनी घसा खाकरला. त्यांनाही फळ्यावरचं पटलेलं नव्हतं, निम्मं तर मुळीच नाही. पण ते म्हणाले की शहरातल्या माणसाचा कागद वहीत लागला तर तेही विमानात पाय ठेवणार नाहीत, आणि हे ते पालकांसमोर विचारलं तरी सांगतील. राहिला पाहुणा. तो आपले काटे गाडीत भरत होता. त्याने न वळताच सांगितलं की कंपनीला तो पाचशे एकोणऐंशीच कळवणार आहे, आणि यादी दुरुस्त करायला लावणार आहे. पुढच्या शाळेत दुसरी अशी बाई भेटली तर त्याला पुन्हा रुमाल काढायचा नव्हता.

साहेबांनी फळ्यावरचे आकडे पुन्हा एकदा वरून खाली वाचले. मग त्यांनी चाव्यांचा जुडगा उचलला. मावशीकडे चालत गेले. दिला नाही, तिच्या हेल्मेटमध्ये टाकला.

"दोन इंजिनं परत घेतील का, विचारावं लागेल," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता.

"विचारा."

शनिवारी पालक आले. धावपट्टीलगत खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि डिझेलच्या विमानाजवळ ते हसतमुखाने उभे होते. भाची वही घेऊन तयार होती. हँगरच्या दाराशी मावशीने काटा ठेवला होता.

साहेबांनी तिला हळूच सांगितलं की ते चौऱ्याऐंशी किलोचे आहेत, तेच लिहा. लोक बघतायत.

"लोक बघतायत म्हणूनच," मावशी म्हणाली. "चढा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पालकांमधल्या एकाने ओळखीने हात हलवला. साहेबांनीही हलवला. मग त्यांनी सुस्कारा सोडला, वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

"बूट कशाला काढताय? अनवाणी उडणार आहात का?"

ते तसेच चढले. काट्यावर आकडा आला सत्त्याण्णव. भाचीने त्यात स्वतःचे छप्पन्न मिळवले, बेरीज एकशे एक्याऐंशीतून वजा केली, आणि इंधन भरणाऱ्या माणसाला हाक मारून सांगितलं: पस्तीस लिटर, त्याच्यावर थेंबभरही नाही.